व्याह्यांचा सहा सिलिंडरचा हट्ट

रितेशचं लग्न कोरोना उठल्यानंतरच्या वैशाखात झालं आणि पुढल्या साली, दोन हजार तेवीसमध्ये, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आमची सून ऋतुजा तेव्हा पेणजवळ जित्याला होती. बाराव्या दिवशी आम्ही आमच्या खांब गावाहून टेम्पोभर माणसं घेऊन बारशाला गेलो. नाव मृण्मयी ठेवलं, पण सगळ्यांच्या तोंडी चिमीच बसलं. त्या बारशालाच माझं आणि व्याह्यांचं भांडण झालं, आणि ते जपानी गाड्यांवरून झालं.

मी भाताचा आणि वालाचा शेतकरी. जपान कुठल्या अंगाला आहे, हे मला धड सांगता येणार नाही. पण मी अक्षरं साठीनंतर शिकलो, आणि उशिरा शिकलेल्या माणसाला समोर येईल ते वाचायची खोड असते. माझ्या समोर यायचा तो रितेशचा मोबाइल. रितेश माझा धाकटा मुलगा. धाटावला कंपनीत शिफ्टला जातो आणि उरलेला जीव गाड्यांत घालतो. त्याचा मेव्हणा हितेश, ऋतुजाचा भाऊ, पेणला गॅरेजात कामाला आहे. दोघं एकमेकांना सारखं लिहीत असायचे, कुठली गाडी बरी आणि कुठलं इंजिन बरं. रितेश माझदाच्या आरएक्स-सेव्हनचा, हितेश टोयोटाच्या सुप्राचा. दोन्ही गाड्या दोघांनीही कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. रितेशकडे एक जुनी बलेनो आहे, तिसऱ्या हाताची. आमच्या घराचा जपानशी संबंध तेवढाच.

वाचता वाचता मला त्यात गोडी लागली. आरएक्स-सेव्हनच्या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्याच नाही. आत तीन कोनांचा लोखंडी तुकडा आहे, तो गरगर फिरतो. म्हणजे जातं. सुप्राच्या इंजिनात सहा सिलिंडर, म्हणजे सहा दट्टे एका ओळीत, वर जातात, खाली येतात. म्हणजे मुसळ. मुसळ वर जातं, थांबतं, मग खाली येतं. जातं थांबत नाही. मला हे इतकं पटलं की मी रितेशच्या पक्षात गेलो. शिवाय माझदाचं इंजिन तेराशे सीसीचं, जुन्या बलेनोच्या सोळाशेपेक्षाही लहान, आणि सुप्राचं तीन हजारांचं. तरी कागदावर ताकद दोघांची सारखीच, दोनशे ऐंशी घोड्यांची. ह्याच्यात एक गंमत आहे. त्या काळी जपानातल्या कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं म्हणे, की दोनशे ऐंशीच्या वर कुणी सांगायचं नाही. खरी ताकद जास्त असली तरी सांगायची तेवढीच. आमच्याकडे भावकीत लग्नाचं जेवण कुणी किती मोठं घालायचं ते असंच ठरतं, आणि असंच मोडतं.

आमचे व्याही काळुराम, ऋतुजाचे वडील, त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. अंगानं काटक, उन्हानं रापलेले, आवाज खणखणीत. त्यांना वाचता येत नव्हतं. हितेश त्यांना सांगायचा आणि ते लक्षात ठेवायचे, माझ्यापेक्षा पक्कं. ते सुप्राच्या बाजूचे. का, तर त्यांनी सहा सिलिंडर आपल्या मिठागरात पाहिले होते. मिठाचा हंगाम धरायच्या आधी कोंडीची, म्हणजे खारं पाणी अडवायच्या वाफ्याची, जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. माणसं ओळीनं उभी राहतात आणि एका ठेक्यात पाय टाकतात. एकाचा पाय वर असतो तेव्हा दुसऱ्याचा खाली. "म्हणून जमीन हादरत नाय," असं ते सांगायचे. "सहा माणूस चालतंय आन कोंडीतलं पानी हालत नाय. तसं हाय त्या इंजिनाचं."

बारशाला जेवणं उरकल्यावर मांडवात हेच निघालं. मी जात्याचं बोललो, ते तुडवणीचं बोलले. चार माणसं गोळा झाली. लोक हसायला लागले तशी माझी जीभ सैल सुटली.

"व्याही," मी म्हटलं, "एका माणसाचं काम करायला सहा माणसं लावायची, ह्याला इंजिन म्हणत नाहीत. ह्याला मिठागर म्हणतात."

हशा झाला, पण व्याही हसले नाहीत. मिठागरावर बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं. पण बोललेलं परत कसं घेणार?

काळुराम उठून उभे राहिले. टोपी झटकली. "मोरूव्याही, आयका. सहा सिलिंडर बरं, असं ह्या मांडवात तुमी कबूल करत नाय तवर माझी पोरगी आन नात खांबला येनार नाय."

"नाय करणार कबूल," मी म्हटलं.

"मंग नाय येनार."

लोकांनी ते थट्टेवारी नेलं. मीही नेलं.

सव्वा महिना झाला. संक्रांतीला नातीला आणू असं माझ्या बायकोनं, मालूनं, ठरवलं होतं. तिनं गोधड्या शिवल्या, वालाच्या डाळीचे डबे भरले. रितेशला मुराळी म्हणून धाडला. तो संध्याकाळी एकटाच परत आला, बलेनोत मागच्या सीटवर मिठाची गोणी घेऊन.

"काय झालं रे?"

"म्हणाले, थंडी हाय, पोर लहान हाय," रितेश म्हणाला. "मग जाताना म्हणाले, बापाला विचार, सहा सिलिंडरचं काय ठरवलं."

मालूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वालाला पाणी द्यायला निघून गेलो.

माघातही तेच. तेव्हा सांगितलं, पोरीला लस दिलीय, अंग तापलंय. मग पुन्हा, इंजिनाचं काय. रितेश आणि हितेश ह्यांच्यात मात्र काही बिनसलं नव्हतं. उलट ते दोघं रोज हसून लोटपोट व्हायचे. हितेश त्याला लिहायचा, "तुझ्या बाबांना सांग, स्कायलाइनचं पण सहाच आहे, दोनाला एक पडतोय." मी रितेशला म्हटलं, त्याला लिही, शंभर मुसळं आणली तरी जातं ते जातंच. रितेश म्हणाला, "आबा, माझी बायको तिकडं आहे, जरा दमानं घ्या."

मग शिमगा जवळ आला. आमच्या गावात मुलाची पहिली होळी आपल्या गावच्या होळीभोवती व्हावी लागते. बापाच्या घरचं माणूस मुलाला कडेवर घेऊन फिरतं, नारळ टाकतं. ते चुकलं तर काही आभाळ कोसळत नाही, पण मालूनं ते मनात धरलं होतं. तिच्या पोटची चार मुलं त्या होळीभोवती फिरली होती, आणि नात मात्र इंजिनापायी जित्याला अडकली होती.

होळीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिनं माझं धोतर आणि टोपी ओट्यावर आणून टाकली.

"उठा. तुमच्या तोंडानं घालवलीत, तुमच्याच तोंडानं आना."

"मी काय बोलू तिकडं जाऊन?"

"काय ते सहा. सहा म्हना, आठ म्हना, बारा म्हना. दोन शब्द तर हायत. तुमाला काय त्यो जपानी जमीन लिहून देनार हाय काय?"

"मालू, गोष्ट खऱ्याखोट्याची आहे गो."

"नात खरी हाय," ती म्हणाली. "बाकी मला कायपन ठाव नाय."

रितेशनं बलेनो काढली. नागोठणं, वडखळ, पेण असं करत, हायवेचे खड्डे चुकवत आम्ही दुपारच्या आत जित्याला पोचलो. वाटेत मी एकच विचार करत होतो. कबूल करायचं, पण असं करायचं की कबूल केल्यासारखं वाटू नये.

घरात शिरलो तो चिमीच्या रडण्याचा आवाज. पाळणा ओटीवरच टांगलेला होता, सागवानी, जुना. ऋतुजा झोके देत होती. जनीविहीण पदरानं वारा घालत होती. चिमी मुठी आवळून, लालबुंद होऊन रडत होती. काळुराम खांबाला टेकून बसले होते. मला बघून उठले, हात जोडले, पाणी मागवलं. पाहुणचारात काही कमी नाही. पण पाणी पिऊन होतंय तोच म्हणाले, "मंग? काय ठरवलं?"

"व्याही, आधी माझदाचं नीट समजून घ्या," मी सुरू झालो. "इंजिन हलकं आहे. मागं सरकवून बसवलंय, म्हणून पुढचं वजन आणि मागचं वजन सारखं. कावडीसारखं. तुम्ही कावड वाहिलीय, तुम्हाला सांगायला नको."

"कावड बरी. पन तुमचं ते जातं तेल पितंय."

"पितं. ते बनवलंच तसं आहे. जात्याला नाही का आपण मधूनमधून वंगण देत."

"आमचं लोखंडाचं अंग हाय! हितेश बोलतो, ताकद दुप्पट केली तरी फुटत नाय."

"दुप्पट करायची वेळच का यावी? आधीच पुरेशी का नाही दिली?"

"अरे, तुमी दोघंजन!" जनीविहीण ओरडली. "ती पोर सकाळधरनं झोपली नाय आन तुमी कसली लोखंडं आपटताय? व्याही म्हनून गप होती मी. आता नाय. तोंडं बंद करा, नायतर पोरीला झोपवून दावा!"

हितेश दारातच उभा होता. त्याचे डोळे चमकले. "आई, बराबर बोललीस. चिमीलाच पंच करू. दोघांनी आपापल्या इंजिनाचा आवाज काढायचा. जिच्या आवाजानं ती गप होईल ती गाडी बरी."

"तोंडानं?" मी विचारलं.

"मग काय गाडी आणनार आबा, जपानातनं?"

मला वाटलं होतं, काळुराम उडवून लावतील. पण ते लगेच म्हणाले, "मान्य हाय. आधी पाहुन्यांचा मान."

मी पाळण्याजवळ गेलो. आरएक्स-सेव्हन उभ्या जागी चालू असते तेव्हा कशी वाजते, ते मी रितेशच्या मोबाइलवर पुष्कळदा ऐकलं होतं. एकसारखी वाजत नाही, ठेचकाळत वाजते. मी गाल फुगवले, ओठ मिटले आणि सुरू केलं, "ब्रप्, ब्रप्, ब्रप्-ब्रप्, ब्रप्."

चिमी रडायची थांबली. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहू लागली. मी रितेशकडे विजयानं पाहिलं. मग मला वाटलं, आता जरा वेग दाखवू. मी आवाज चढवत नेला, वर, आणखी वर, माशी कानात शिरावी तसा. चिमीचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती अशी किंचाळली की शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, "काय झालं गो जने, पोर पडली काय?"

"नाय गो," जनीविहीण म्हणाली, "व्याह्यांची गाडी आली."

हितेश तर जमिनीवर बसला हसून. रितेशनं तोंड फिरवलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते.

मग काळुराम उठले. त्यांनी पाळण्याची दोरी ऋतुजाच्या हातातून घेतली. आवाज गळ्यातून नाही, छातीतून काढला. खालचा, जाड, सलग. "हूंऽऽऽ." मध्ये खंड नाही, झटका नाही. हळूच थोडा वर गेला, थोडा खाली आला. झोका आणि आवाज एका ठेक्यात. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी ती माणसं दिसली, ओळीनं पाय टाकत जाणारी, आणि पाणी न हालणारी कोंडी. चिमीची मूठ सुटली. डोळे मिटले.

"बाबांचा आवाज आला की झोपतेच ती," ऋतुजा हळूच म्हणाली. "रोजच्याला तेच झोपवतात ना. अकराव्या दिवसापासून."

"काय?" मी म्हटलं. "रोज? ह्याच आवाजानं?"

ऋतुजानं जीभ चावली.

"पंच फोडलाय!" मी ओरडलो, पण दबक्या आवाजात, कारण पोर झोपली होती. "चार महिने पंचाला शिकवून ठेवलंय, आणि मला पहिल्यांदा उभा केलाय. ही शर्यत नव्हे!"

"शर्यत ती शर्यत," काळुराम म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू होतं. "तुमी पन घरी नेऊन शिकवा. पन नेनार कशी? आधी कबूल कराया पायजे."

इथं मी त्यांच्याकडे पाहिलं. दोरी हातातच होती. बोलताना माझ्याकडे बघत होते, पण झोका चुकत नव्हता. मला मालूचे शब्द आठवले, आणि खरं सांगू, त्या आवाजानं माझं मन थोडं वळलंही होतं.

"बरं," मी म्हटलं. "सहा सिलिंडर बरं."

"काय?"

"सहा सिलिंडर बरं. माझदाच्या जात्यापेक्षा बरं. मांडव नाही, पण ओटी आहे, चार माणसं आहेत. आणि मिठागरावर मी बोललो ते चुकीचं बोललो. ऐकलंत सगळ्यांनी?"

मला वाटलं होतं ते टाळी देतील, हितेशच्या पाठीवर थाप मारतील, वाडीभर फिरून येतील. पण दोरी त्यांच्या हातात थांबली. पाळणा दोनदा आपोआप हलला आणि उभा राहिला. त्यांचा चेहरा, भरतीचं पाणी परतल्यावर खाजणाची जमीन उघडी पडते, तसा झाला.

"आता?" जनीविहीण म्हणाली. तिचा आवाजही बदलला होता. "शब्द दिलाय तुमी."

काळुराम मागच्या दारानं परसात गेले.

मी मागोमाग गेलो. ते शेवग्याखाली उभे होते, सालीचा तुकडा नखानं काढत.

"मोरूव्याही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा सभाव मला ठाव हाय. मला वाटलं, हा मानूस मरंल पन कबूल व्हनार नाय. म्हनून तर तसं बोललो मी."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! थंडीचं किती दिस सांगनार? लस किती वेळा सांगनार? तुमचं इंजिन कामाला येत व्हतं. तुमी नाय बोलायचे, पोर ऱ्हायाची." त्यांनी सालीचा तुकडा फेकला. "आन तुमी आज हो बोललात."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी चार महिने इंजिनासाठी भांडत होतो, आणि हा माणूस चार महिने माझ्या आडमुठेपणाच्या भरवशावर नातीला झोके देत होता. जिंकण्याची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

"व्याही," मी म्हटलं, "एक अडचण आहे."

"काय?"

"माझा ब्रप् ब्रप् तुम्ही ऐकलात. खांबला तिला झोपवणार कोण? मला सहा सिलिंडर येत नाय. रितेशला येत नाय. मालूला विचारायची माझी छाती नाही. शिकवायला माणूस लागेल."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"लेकीच्या घरी बापानं पाणी प्यायचं नाही, ही रीत तुम्ही आजवर पाळलीत," मी म्हटलं. "लग्नानंतर आमच्या उंबऱ्यात तुम्ही तांब्याला हात लावला नाहीत. पण लेकीला मूल झालं की ती रीत सुटते. मग आता काय अडतंय? गाडीत जागा आहे."

"पाच मानसं व्हतील. आन पाळना?"

"पाळणा टपावर."

"जनी येनार नाय. घरात म्हस हाय."

"मग चारच मोठी माणसं. बलेनोला चार सिलिंडर. प्रत्येकी एक."

तेव्हा ते हसले. "चार सिलिंडर," ते म्हणाले, "काय पन इंजिन असतंय एकेकाचं!"

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पाळणा गोधडीत गुंडाळून टपावर बांधला. हितेशनं गाठी मारल्या आणि रितेशला वळणावर हळू जायला बजावलं. पुढं मी आणि रितेश, मागं ऋतुजा, चिमी आणि काळुराम. जनीविहिणीनं ऋतुजाची ओटी भरली, चिमीला तीट लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "लवकर या. नायतर मी पन येते मुराळी व्हऊन तुमाला न्यायला." वाटेत वडखळला चिमी जागी झाली आणि रडायला लागली. मागच्या सीटवरून सहा सिलिंडर चालू झालं. रितेश म्हणाला, "आबा, बलेनोचा आवाज बदलला बघा." नागोठण्यापर्यंत ती परत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावची होळी लागली. बापाच्या घरच्या माणसानं फिरवायचं, ही रीत मी आधी सांगितली आहे. मालूनं चिमीला घेतलं, पहिली फेरी मारली आणि मग सगळ्यांसमोर तिला काळुरामांच्या हातात दिलं. एक म्हातारा कुजबुजला, तर मालू त्याला म्हणाली, "तुमाला झोपवता येती काय पोरगी? नाय ना? मंग गप ऱ्हावा."

काळुराम पाडव्यापर्यंत राहिले. ते आमच्या तांब्यातलं पाणी प्याले, त्यांनी आमच्या वालाचं बिरडं खाल्लं आणि मीठ कमी आहे असं रोज सांगितलं. सकाळी मला ओट्यावर बसवून शिकवायचे. "गळ्यातनं नाय, हितनं," असं म्हणून माझ्या छातीवर थाप मारायचे. "सहा मानसं हायत, एक नाय. घाई कोनाला हाय?" मला जमायला पुष्कळ दिवस लागले. जमलं तेव्हा त्यांनी जनीविहिणीला फोन करून सांगितलं, "व्याही आता आपल्यात आले." मी फोनमध्ये ओरडलो, "झोपवायला आलोय फक्त! पळवायला जातंच!"

त्यानंतर ते दर महिन्याला येत राहिले. कधी रोह्याच्या गाडीनं, कधी हितेशच्या मोटरसायकलवर. येताना मीठ आणायचे, जाताना वाल न्यायचे, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात आम्ही भांडायचो. सुबारूचं इंजिन निघालं, त्यात दट्टे समोरासमोर झोपलेले असतात. त्यावर ते म्हणाले, ही भावकी. होंडाचं निघालं, ते एका वेगाच्या पुढं गेलं की दुसऱ्याच चालीनं धावतं. त्यावर मी म्हटलं, हा आमचा रितेश पगाराच्या दिवशी. चिमी चालायला लागली तशी ती दोघांच्या मध्ये उभी राहून दोन्ही आवाज काढायची. आधी ब्रप्, मग हूं. कुठला बरा, असं विचारलं तर कुणाकडे बोट दाखवील ह्याचा नेम नसे. पण झोपताना तिला हूंच लागायचं, आणि घरी ते मलाच काढावं लागायचं.

काळुराम व्याही दोन हजार पंचवीस साली, तीस जुलैला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी जित्याला आपल्या घरी वारले.